चाकांवरचं घर, सिमचा पत्ता

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सला एक सरकारी मसुदा जन्माला आला आणि आठवडाभरात गतप्राण झाला. पुढच्या वर्षीच्या १५ जूनपासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार बंद व्हायचा होता. फुकटाची संधी कुणी ओरबाडू नये म्हणून युरोपीय आयोगाने तिला कुंपण घातलं: वर्षात ९० दिवस रोमिंग करा, पण सलग ३० दिवसांच्या वर नाही. ग्राहक संघटना आणि युरोपीय संसदेतले सदस्य तुटून पडले. रोमिंग संपवल्याची दवंडी आधी पिटायची आणि मग वर्षातले तीनच महिने ते संपणार म्हणायचं, हा काय प्रकार आहे, असा त्यांचा सवाल होता. आयोगाचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर यांनी मसुदा मागे घ्यायला लावला. दोन आठवड्यांत नवा मसुदा आला, त्यात दिवसांची अट नव्हती.

नव्वद दिवस तसे थोडे नाहीत. कचेरीत रजेचा अर्ज टाकून आठवड्या-दोन आठवड्यांसाठी ग्रीसला जाणाऱ्याला ते आयुष्यात कधी कमी पडणार नाहीत. सीमेच्या अलीकडे राहून पलीकडे रोज कामाला जाणारे, परदेशात शिकणारे विद्यार्थी यांना ते पुरले नसते, आणि त्यांची बाजू मांडणारे बरेच होते. आणखी एक जमात मात्र कायद्याच्या मजकुरात कुठेच नावानिशी नव्हती. ऑक्टोबर लागला की हॅम्बर्गच्या किंवा लीड्सच्या घराला कुलूप घालायचं, मोटरहोममध्ये सामान भरायचं आणि मार्चपर्यंत स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ऊन खायचं, असा रिवाज असलेली निवृत्त जोडपी ही ती जमात. त्यांच्या जोडीला आता लॅपटॉप उघडून गाडीतूनच नोकरी करणारे तरुणही आले. रोमिंगचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे जाणारा आणि परत येणारा प्रवासी होता. घरच सोबत घेऊन निघालेला माणूस त्या चौकटीत कधीच नीट बसला नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डेटाच्या मर्यादांवरून त्याची जी कुतरओढ झाली, तिचं मूळ तिथे आहे.

गंमत अशी, की रोमिंगचा जन्म मुळात गाडीत झाला. सुरुवातीचे मोबाइल फोन खिशात मावणारे नव्हतेच. ते मोटारीच्या डिकीत बसवलेले, बॅटरीवर चालणारे जड डबे होते. पश्चिम जर्मनीचं १९७२ मध्ये सुरू झालेलं ‘बी-नेट्स’ हे गाडीतल्या फोनचं जाळं पुढे ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गमध्येही चालायचं. त्यात एक मोठी गोची होती. फोन करणाऱ्याला गाडी त्या क्षणी कुठल्या भागात आहे हे ठाऊक असावं लागे, कारण त्या भागाचा कोड आधी फिरवावा लागायचा. म्युनिकच्या माणसाने आपला फिरता विक्रेता कोलोनला पोचला असेल असं धरून फोन लावावा आणि तो वाटेत फ्रँकफर्टलाच जेवायला थांबलेला असावा, की फोन बाराच्या भावात.

ही अडचण सोडवली उत्तरेकडच्या देशांनी. एनएमटी हे नॉर्डिक देशांचं सामाईक जाळं १९८१ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेत आणि पुढच्या वर्षी डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये सुरू झालं. गाडी कुठे आहे याची नोंद जाळं स्वतः ठेवायचं, आणि ओस्लोचा फोन स्टॉकहोममध्येही वाजायचा. तिथल्या दूरसंचार खात्यांनी आरंभापासूनच चार देश एक मानून आखणी केली होती. सीमा ओलांडणं ही त्यांच्या लेखी नित्याची बाब होती.

बाकीच्या युरोपात मात्र प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आणि एकाचा फोन दुसऱ्याकडे मुका. म्हणून ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनला १३ देशांतल्या १५ दूरसंचार संस्थांनी एका करारावर सह्या केल्या आणि जीएसएम या सामाईक पद्धतीचा पाया घातला गेला. १ जुलै १९९१ ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी ताम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना फोन केला. जीएसएमवरचा पहिला कॉल म्हणून तो नोंदला गेला आहे. पुढच्याच वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात रोमिंगचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

जीएसएमची खरी करामत सिमकार्डात होती. फोन कुणाचाही असो, गिऱ्हाईक कुणाचं हे त्या चिमुकल्या तुकड्यावरून कळू लागलं. सिममधल्या ओळख-क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात: ब्रिटनचे २३४, जर्मनीचे २६२, फ्रान्सचे २०८, भारताचे ४०४ आणि ४०५. म्हणजे मोटरहोम वर्षभर रानोमाळ हिंडत असलं, तरी सिम आपला पत्ता कधी विसरत नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. समजा, ब्रिटिश सिम असलेलं एक मोटरहोम पर्पिन्यांहून निघून ल पेर्त्यूचा घाट चढून स्पेनमध्ये ला होन्केराला उतरलं. फ्रेंच टॉवरची रेंज विरळ होत जाते, फोन स्पॅनिश टॉवरला हात घालतो. स्पॅनिश कंपनी सिमचे आकडे वाचून ब्रिटनमधल्या मूळ कंपनीकडे विचारणा करते, हा तुमचाच का? होकार आला की दारं उघडतात आणि ‘स्पेनमध्ये स्वागत’ असा मेसेज टुणकन येतो. एवढा वेळ ड्रायव्हर बहुधा पेट्रोलचा भाव बघत असतो.

इथून पुढे डेटाचा रस्ता उलटा जातो. रोमिंगमधला डेटा सहसा आधी मूळ देशातल्या कंपनीच्या गेटवेपर्यंत नेतात आणि तिथून तो इंटरनेटवर उतरतो. व्हॅलेन्सियाच्या पुळणीवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाने व्हॅलेन्सियाचं हवामान पाहिलं, तरी त्याची मागणी ब्रिटनला जाऊन परत येते. वेळ थोडा जास्त लागतो. पण त्यामुळे वेबसाइटला तो माणूस ब्रिटनमध्येच आहे असं वाटतं. बीबीसीचा आयप्लेअर परदेशात चालत नाही, रोमिंगवरच्या ब्रिटिश सिमवर मात्र चालायचा. स्पेनमध्ये स्वस्त सिम मिळत असतानाही ब्रिटिश मोटरहोमवाले घरचंच सिम का कवटाळून बसायचे, याचं अर्धं उत्तर संध्याकाळच्या मालिकांमध्ये आहे.

पाहुण्या ग्राहकाने काय काय वापरलं याच्या फायली स्पॅनिश कंपनी नंतर ब्रिटिश कंपनीला पाठवते आणि ठरलेल्या घाऊक दराने वसुली करते. सगळी ग्यानबाची मेख या घाऊक दरात आहे. स्पॅनिश कंपनीला दर उतरवण्याची गरज नव्हती, कारण फोन कुठल्या टॉवरला चिकटेल हे बहुतांशी रेंजवर ठरायचं, दरावर नाही. ब्रिटिश कंपनीला भांडण्यात रस नव्हता, कारण ती त्यावर आपली रक्कम चढवून ग्राहकाकडून काढून घ्यायची. ग्राहकाला दर माहीत नसायचा. तो बिल आल्यावर कळायचा. अशा त्रिकोणात भाव खाली कसे येतील?

म्हणून त्या काळात मोटरहोमवाल्यांचा मोबाइल बहुधा बंदच असायचा. पत्रं पोस्ट रेस्तांतने यायची. म्हणजे ठरलेल्या गावच्या टपाल कचेरीत आपल्या नावाने येऊन पडायची आणि ओळखपत्र दाखवून घ्यायची. घरी बोलायचं तर सार्वजनिक फोन आणि फ्रान्सचं ‘तेलेकार्त’ वगैरे कार्डं. नंतर एसएमएसवर खुशाली कळवली जाऊ लागली. कॅम्पसाइटवर वायफाय आलं, तेही बहुतेक ठिकाणी पैसे मोजून आणि कचेरीच्या भिंतीलगत उभं राहिलं तरच मिळणारं. मॅकडोनाल्डच्या पार्किंगमध्ये मोटरहोम लावून, एक कॉफी घेऊन महिन्याभराचे ईमेल उतरवून घेणं हा तर एक सर्वमान्य उद्योग झाला होता.

युरोपीय आयोगाने १९९९ पासून रोमिंगच्या दरांची चौकशी आरंभली होती. २००१ च्या जुलैमध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या नऊ कंपन्यांवर अचानक छापे पडले. कागदपत्रं आली, नोटिसा गेल्या, वर्षं सरली, दर हलले नाहीत. स्पर्धा-कायद्याच्या वाटेने काही हाती लागत नाही हे दिसल्यावर लक्झेंबर्गच्या व्हिव्हियान रेडिंग या आयुक्तबाईंनी सरळ किमतीलाच हात घातला. तेव्हा परदेशातून केलेल्या कॉलचा सरासरी दर मिनिटाला एक युरोच्या वर होता. ३० जून २००७ पासून अंमलात आलेल्या नियमाने तो, कर सोडून, जास्तीत जास्त ४९ सेंटवर आणला. आलेल्या कॉलसाठी २४ सेंट. कंपन्या कोर्टात गेल्या. व्होडाफोन, ओटू, टी-मोबाइल आणि ऑरेंज यांचा दावा असा, की किरकोळ दर ठरवणं हे संघाचं कामच नव्हे. ८ जून २०१० ला युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला.

योगायोग असा की हा नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, अमेरिकेतल्या दुकानांत पहिला आयफोन विकायला आला. ब्रुसेल्स बोलण्याच्या मिनिटांचं गणित सोडवत होतं आणि लोक तोवर बोलणं सोडून नकाशे, फोटो आणि व्हिडिओंकडे वळू लागले होते.

परिणाम ठरलेलाच होता. एका जर्मन माणसाने फ्रान्समध्ये असताना रोमिंगवर टीव्हीचा एक कार्यक्रम डाउनलोड केला आणि त्याला ४६,००० युरोचं बिल आलं. ही कहाणी सांगोवांगीची नाही, आयोगानेच आपल्या पत्रकांत दिलेली आहे. त्या पैशात त्याला एक चांगलं मोटरहोम आलं असतं. १ जुलै २०१० पासून मग कंपन्यांवर बंधन आलं: ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल, तर डेटाचं बिल ५० युरोला पोचताच जोडणी तोडायची आणि ८० टक्क्यांवर इशारा द्यायचा. ‘डेटाची मर्यादा’ ही चीज युरोपीय कायद्यात पहिल्यांदा आली ती अशी, ग्राहकाचं रक्षण करणारी म्हणून. ती ग्राहकाची अडवणूक करणारी ठरायला आणखी सात वर्षं जायची होती.

ग्राहकाला लागणाऱ्या डेटाच्या दरावर छप्पर आलं २०१२ मध्ये. एका एमबीला ७० सेंट. तेव्हा तो मोठा दिलासा वाटला. हिशेब केला तर त्या दराने एक जीबी ७०० युरोला पडतो, आणि ५० युरोच्या कट-ऑफपर्यंत ७१ एमबी मिळतात. आजच्या फोनवर एवढ्यात एखादं ॲप अपडेट होतं. पुढच्या वर्षी ४५ सेंट, त्याच्या पुढच्या वर्षी २०. दरम्यान ब्रिटनच्या थ्री कंपनीने २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपणहून एक योजना काढली. इटली, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क, आयर्लंड, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया या सात देशांत ग्राहकाने घरच्यासारखाच पॅक वापरावा. मोटरहोमवाल्यांत ती सिमं हातोहात खपली. पण तिथेही अट आलीच: कायम परदेशात राहणाऱ्यांसाठी हे नाही, बारा महिन्यांत दोन पूर्ण महिने फोन फक्त परदेशातच वापरलात तर सेवा थांबवू.

नेमका हाच प्रश्न २०१६ मध्ये आयोगापुढे येऊन उभा राहिला. लिथुआनियात डेटा कवडीमोल आणि दुसरीकडे महाग, तर सगळ्यांनीच लिथुआनियाचं सिम घेतलं तर? तिथल्या कंपनीला दर जीबीमागे घाऊक पैसे बाहेर भरावे लागतील आणि ती घरच्या ग्राहकांचे दर वाढवेल, नाहीतर बुडेल. कंपन्यांची ही भीती अगदीच खोटी नव्हती. फिनलंड, एस्टोनिया आणि लिथुआनियातल्या काही कंपन्यांना पुढे रीतसर सूट द्यावी लागली आणि त्यांनी थोडा जादा आकार सुरू ठेवला. जीएसएमचा पहिला कॉल आणि पहिला रोमिंग करार ज्या फिनलंडच्या नावावर, तिथेच रोमिंगचा जादा आकार रेंगाळला.

म्हणून दिवसांची अट काढली तरी कुंपण राहिलं, फक्त त्याची वीण बदलली. १५ डिसेंबर २०१६ च्या अंमलबजावणी नियमात ‘वाजवी वापरा’ची दोन हत्यारं कंपन्यांच्या हाती दिली आहेत आणि मोटरहोमवाल्यांना दोन्ही लागतात.

पहिलं, ग्राहक राहतो कुठे? कंपनीने निदान चार महिन्यांचा वापर तपासायचा. त्या काळात ग्राहक मायदेशापेक्षा बाहेर जास्त दिवस असेल आणि मायदेशापेक्षा बाहेर जास्त वापर करत असेल, तर ती त्याला विचारू शकते. चौदा दिवसांत ग्राहकाने आपलं वागणं बदललं नाही, तर जादा आकार सुरू. यात सीमेवरच्या नोकरदाराची सोय पाहिलेली आहे: दिवसातून एकदा जरी सिम घरच्या टॉवरला लागलं, तरी तो अख्खा दिवस घरचा धरतात. ऑक्टोबर ते मार्च पोर्तुगालच्या अल्गार्व्हमध्ये तळ ठोकून बसलेल्याला या सवलतीचा काय उपयोग? त्याचं घर जर्मनीत आहे, कर तो जर्मनीत भरतो, मतदान तिथेच करतो, पण त्याचा फोन चार महिने जर्मन टॉवरला शिवलेला नाही. कायदा रहिवासाचा पुरावा मान्य करतो, पण यंत्राला आधी दिसतो तो टॉवर. सगळ्याच कंपन्या लगेच नोटिसा धाडत नाहीत, हे खरं. काही काटेकोर, काही ढिल्या. त्यामुळे कुठली कंपनी कधी मेसेज पाठवते याची चर्चा कॅम्पसाइटच्या भांडी घासायच्या ओट्यापाशी रंगू लागली.

दुसरं हत्यार म्हणजे सूत्र. घरी ‘अमर्याद’ डेटा असला तरी परदेशात तो तसाच मिळेल असं नाही. पॅकची कर वगळून किंमत घ्यायची, तिला घाऊक दराच्या कमाल मर्यादेने भागायचं आणि दुप्पट करायचं; तेवढे जीबी कंपनीने दिलेच पाहिजेत, त्यावर जादा आकार चालेल. २०१७ मध्ये घाऊक मर्यादा होती जीबीला ७ युरो ७० सेंट. म्हणजे २० युरोच्या अमर्याद पॅकवर बाहेर हमखास मिळायचे ते पाच जीबीच्या थोडे वर. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडी चित्र तासाला तीन जीबीपर्यंत खातं. दोन तासांचा एक सिनेमा पाहायला बसलं, तर तोही शेवट येण्याआधीच थांबायचा. घाऊक मर्यादा नंतर दरवर्षी घसरत गेली. २०२६ साठी ती १ युरो १० सेंट आहे आणि त्याच २० युरोचे ३६ जीबी होतात. लोकांनी संधीचं सोनं केलं. रोमिंगमधला डेटावापर दहापट झाल्याचं आयोगाने २०१९ मध्येच जाहीर केलं होतं.

याच मुदतीत भारतातही रोमिंग आटोपलं, आणि त्या आठवणी मराठी माणसाला दूरच्या नाहीत. दूरसंचार सर्कलच्या नकाशात मुंबई वेगळी आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र वेगळा. ‘रोमिंगमध्ये आहे, नंतर करतो’ हे वाक्य रेल्वेच्या डब्यात तासाला चारदा ऐकू यायचं. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून देशभर इनकमिंग मोफत केलं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि वर्षभरात बाकीच्या कंपन्यांनीही जादा आकार सोडला. पण इथे देश एक आणि नियामक एक. पुण्याचा माणूस वर्षभर बंगळुरूत राहिला, तर त्याचं सिम कुणी विचारत नाही.

पुन्हा युरोपात. ब्रिटिश मोटरहोमवाल्यांची सद्दी जेमतेम साडेतीन वर्षं टिकली. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय नियमांतून पुरता बाहेर पडला आणि दोन फटके एकदम बसले. शेंगेन देशांत आता त्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे रोमिंगवाल्यांनी २०१६ मध्ये रद्दीत टाकलेला नव्वदचा आकडा पासपोर्टवर येऊन बसला. आणि कंपन्या मोकळ्या झाल्या. रोमिंगचा आकार परत आणण्याचा विचार नाही, असं आधी सगळ्यांनी सांगितलं होतं. २०२१ च्या जूनमध्ये ईईने पहिली कोलांटी मारली, पाठोपाठ व्होडाफोन, मग थ्री. २०२२ मध्ये तिघांकडेही नव्या करारांवर युरोपात दिवसाला सुमारे दोन पाउंड सुरू झाले. नव्वद दिवसांचे १८० पाउंड. ओटूने दररोजचा आकार लावला नाही, पण २५ जीबीची मर्यादा घातली आणि त्यावर जीबीला साडेतीन पाउंड. थ्रीची मर्यादा तर १२ जीबीवर आली. परदेशात डेटाचं बिल ४५ पाउंडांवर अडवणारी कायद्याची तरतूदही ३० जून २०२२ ला संपली. नियामक ऑफकॉमने १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांवर ग्राहकाला रोमिंग सुरू झाल्याचा इशारा देण्याची सक्ती केली आहे. इशारा मिळतो, दर आहे तोच राहतो.

यावर या मंडळींनी काढलेले तोडगे तपशिलात बघण्याजोगे आहेत. कालेला बोटीतून उतरलं की फ्रान्समध्ये फ्री मोबाइलच्या कियॉस्कवर जायचं. यंत्राच्या पडद्यावर नाव-पत्ता भरायचा, बँकेचं कार्ड लावायचं, की खालून सिम बाहेर पडतं. ते गाडीतल्या राउटरच्या एका खणात, ब्रिटिश सिम दुसऱ्या खणात. राउटरची वायर छपरातल्या भोकातून वर अँटेनाला गेलेली. गाडीचं पत्र्याचं अंग रेंज अडवतं, म्हणून अँटेना बाहेर. फ्रेंच सिम स्पेनमध्ये युरोपीय नियमांनी चालतं, आयप्लेअरसाठी ब्रिटिश सिम लावायचं. हिवाळा मोरोक्कोत काढणारे तर टँजिअरला उतरल्यावर तिथलंच सिम घेतात, कारण जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली की ब्रुसेल्सचा कायदाच संपतो.

हा कायदा संपण्याच्या जागा नकाशावर नीट दिसत नाहीत, ही यातली खरी मेख. जर्मनीतून इटलीला जाताना सरळ रस्ता स्वित्झर्लंडमधून, गोटहार्डच्या बोगद्यातून जातो, आणि स्वित्झर्लंड या व्यवस्थेत नाही. दोन-तीन तासांच्या त्या टप्प्यात मागे बसलेल्या मुलाच्या टॅबलेटवर काय चाललं आहे, यावर सहलीचा हिशेब ठरतो. अँडोराचंही तेच. पोर्ट्समथहून सांतान्देरला जाणारी बोट तर याहून वाईट. किनारा दिसेनासा झाला की फोन बोटीच्या स्वतःच्या टॉवरला लागतो, तो टॉवर उपग्रहाला, आणि त्याच्या दराला या नियमांचं छप्पर नाही.

उपग्रहाचा उतारा सुचला तो अर्थातच आपसूक. २०२२ च्या मे महिन्यात स्टारलिंकने गाडीवाल्यांसाठी खास योजना काढली. जीबीचं सूत्र नको, टॉवर नको, चकती छपरावर ठेवली की काम झालं. सिमच्या जाचातून सुटल्याचा आनंद अटी वाचेपर्यंत टिकला. खातं ज्या देशात आहे त्याबाहेर दोन महिन्यांपेक्षा जास्त वापर केला, तर पत्ता बदलायला लावण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. आकाशातून आलेलं इंटरनेटही शेवटी विचारतं ते घर कुठलं हेच.

युरोपीय संघाने रोमिंगचा नियम २०२२ मध्ये नव्याने केला आणि त्याला ३० जून २०३२ पर्यंत मुदत दिली. १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन आणि मोल्दोव्हाही त्यात आले आहेत. चार महिन्यांची तपासणी आणि दुपटीचं सूत्र मात्र जागचं हललेलं नाही. वर्षातले सहा महिने रस्त्यावर राहणारा माणूस हा अपवाद आहे असं कायदा अजूनही धरून चालतो. घाऊक दर इतके उतरल्यावर ही तपासणी आता राखण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

महाराष्ट्रातून युरोपात जाऊन कॅम्परव्हॅन भाड्याने घेणाऱ्यांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅरिसला किंवा म्युनिकला विकत घेतलेलं प्रीपेड सिम बाकीच्या युरोपात घरच्या दराने चालतं, असं दुकानदार सांगतो आणि बहुतेक वेळा ते चालतंही. पण कायद्याने तो हक्क त्या देशात राहणाऱ्यांचा किंवा तिथे कायमचे लागेबांधे असलेल्यांचा आहे, आणि कंपनी रहिवासाचा पुरावा मागू शकते. पर्यटकाला मिळते ती कंपनीची मर्जी. म्हणून पॅक घेताना त्यात परदेशातले जीबी किती आणि कुठल्या देशांत, हे छापील अटींत वाचून घ्यावं, आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझल गाठण्यापूर्वी गाडीतल्या प्रत्येक फोनचा डेटा रोमिंगचा खटका बंद करावा.